तीस मोजून

परभणीत, वसमत रोडच्या दुसऱ्या मजल्यावर
खुर्चीवरून न उठता
मी रोज रात्री तेरा गावांना जाऊन येते.
एसटी नाही, फाटा नाही, तिकीट नाही.
पालम, सोनपेठ, कळमनुरी, शेवटी सेनगाव.
जमिनीखालून जावं तशी जाते,
काय नेते, काय आणते, वाटेत कुणाला दिसत नाही.

सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयात
मी कधी पाऊल ठेवलेलं नाही.
पण तिथल्या कपाटातल्या राउटरला
एप्रिलात दुपारी तीनला किती ताप चढतो ते मला ठाऊक आहे,
आणि डॉक्टर एक्स-रे पाठवतात तेव्हा
त्याला कशी धाप लागते, तेही.

पहिल्या दिवशी त्यानं मला अंगठा दाखवला होता,
अक्षरं-आकड्यांची लांबच लांब ओळ.
ओळखतेस? होय की नाही?
मी होय दाबलं. न वाचता.
सगळेच दाबतात.

परवा रात्री लॉग उघडला तर
दारावर थापा. सात हजार चारशे, एका रात्रीत.
कुणीतरी कुठूनतरी नावं लावून बघत होतं:
अ‍ॅडमिन, रूट, टेस्ट, मग मारिया,
मग पुन्हा अ‍ॅडमिन, एक दोन तीन.
राग आला.
सेनगावात कोण आलीय मारिया?

म्हटलं, हे दारच बंद करू. दोन ओळींचं काम:
मला येऊ दे.
बाकी कुणाला नको.
झोपेच्या भरात मी त्या उलट्या लिहिल्या.
यंत्र वरून खाली वाचतं
आणि पहिली ओळ लागू पडली की पुढची वाचत नाही.
कुणालाच नको म्हटल्यावर
त्यात मी कुठली उरते?
पडदा जागच्या जागी थिजला.
किल्ली माझ्या हातात, आणि मीच मला हाकललेली.

एरवी मी आधी सांगून ठेवते:
दहा मिनिटांत परत आले नाही
तर मी बोलले ते सगळं विसरून जा.
त्या रात्री नेमकं तेवढंच राहिलं.

पावणेबाराला गौसोद्दीनचाचांना फोन लावला.
"चाचा, मी रेंगे मॅडम. कपाट उघडा,
वरच्या डब्याची वायर काढा."
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
"आवाज तर कुणाचाबी काढता येतोय, मॅडम.
असंच फोनवर गोड बोलून
मागं इन्व्हर्टरची बॅटरी नेली लोकांनी.
तुम्ही रेंगेच असाल तर सांगा,
माझ्या शेळीला करडं किती झाली?"

चौदा अक्षरी पासवर्ड पाठ असणारी मी
डोळे मिटून आठवत बसले.
"तीन. एकाचा कान पांढरा."
"आणि?"
"आणि पांढऱ्या कानाचं गेलं."
"हां," चाचा म्हणाले, "अब बोलो. कौनसी वायर?"

जुडगा वाजला. कपाटाचं दार कुरकुरलं.
काढून तीसपर्यंत मोजा, म्हटलं,
तर ते मोठ्यानं मोजायलाच लागले.
मध्येच वॉर्डातलं एक बाळ रडलं,
चाचा थांबले, आणि होते तिथून पुढे:
अट्ठाईस, उनतीस, तीस.

मी सांगितलं होतं, पण लिहून ठेवलं नव्हतं,
म्हणून उठल्यावर यंत्राला माझी चूक आठवेना.
"लाल... लालच हाय... लागला, मॅडम, हिरवा लागला."

आत गेले. आधी दहा मिनिटांचा निरोप ठेवला.
मग मला. मग बाकी कुणाला नको.
थापा थांबल्या. म्हणजे थापा थांबत नाहीत,
आता दारापर्यंत पोचत नाहीत, एवढंच.
आणि मग तो अंगठा काढून
बसवणाऱ्या पोरानं दिलेल्या कागदाशी
अक्षर न् अक्षर ताडून पाहिला.
दीड वर्षानं.

सकाळी लॉगमध्ये एकच ओळ होती:
बारा वाजून सहा मिनिटं. वीज गेली. कारण अज्ञात.
रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात
मी पेनानं लिहिलं:
शेख गौसोद्दीन, चौकीदार.
ओळख पटवून, तीस मोजून.